पट्टा न लावणारे मास्तर

आमच्या मास्तरांना जगात दोनच गोष्टींचा मनापासून राग. एक बोथट कात्री आणि दुसरा पँटला लावलेला पट्टा. "पट्टा म्हणजे शिंप्याच्या गालावर मारलेली चपराक," असं ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणत. पँट नीट बेतलेली असली तर ती कमरेवर आपली आपण बसते, तिला बांधून ठेवायला ती काय पळून जाणार आहे का, हा त्यांचा सवाल. एखादं नवीन गिऱ्हाईक पट्टा लावून आलं की मास्तर त्याच्या कमरेकडे असे बघायचे, की तो बिचारा माप द्यायच्या आधीच पट्टा काढून खिशात कोंबायचा.

हे मास्तर म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे भाऊजी. मी त्यांच्याच दुकानात काजं-बटणं करते, तुरपाई करते आणि त्यांची बोलणी खाते. परतही करते. मेव्हणी आहे मी, तेवढा हक्क मला आहे. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराशी कापायचं मोठं टेबल, मागे दोन मशिनं, खिडकीखाली माझं स्टूल आणि भिंतीवर उभा आरसा. त्या आरशात गिऱ्हाइकांपेक्षा भाऊजीच जास्त वेळा दिसत. नाकावर माशी बसू देणार नाहीत आणि शर्टावर सुरकुती. दुकानामागेच त्यांचं घर, आणि स्वयंपाकघराची खिडकी अशी, की आम्ही काय बोलतो ते ताईला फोडणी देता देता ऐकू जातं.

खोकला सुरू झाला तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. शिंप्याच्या दुकानात कापडाचे तंतू उडतात, खडूची भुकटी उडते, इस्त्रीची वाफ असते. तिथं माणूस खोकणार नाही तर काय गाणार? कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनीही तंतूंनाच दोष दिला आणि एक बाटली दिली. तरुणपणी भाऊजी सिगारेटी पुष्कळ ओढायचे. एकदा गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या कोटावर ठिणगी पडून भोक पडलं, त्या दिवशी त्यांनी पाकीट कचऱ्यात टाकलं ते कायमचं. तब्येतीसाठी नव्हे, कोटासाठी. त्यामुळे सिगारेटचा विषय त्यांच्या लेखी केव्हाच संपला होता.

पण हा खोकला जायला म्हणून आलेलाच नव्हता. मशीन चालता चालता थांबायचं, उबळ यायची, मग पुन्हा टीप सुरू. आतून ताईचा आवाज यायचा, "पाणी पाठवू का?" आणि भाऊजी म्हणायचे, "पाणी नको, झाडू पाठव. तुझी बहीण तंतू उडवते."

मग अंगुस्तान बसेनासं झालं. बोटात घालायची ती पत्र्याची टोपी त्यांच्याकडे लग्नाच्या आधीपासूनची होती. ती घट्ट व्हायला लागली तशी त्यांनी नवीन आणली, तीही घट्ट, मग आणखी एक. "हल्ली पत्राच धड मिळत नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं." त्यांच्या बोटांची टोकं मला जरा गरगरीत वाटली होती, पण वय झालं की माणसाचं कुठं ना कुठं काही ना काही वाढतंच, म्हणून मीही सोडून दिलं.

रुमालावर लालसर डाग दिसला तेव्हा मात्र ताई धुणं टाकून दुकानात आली. भाऊजी मान वर न करता म्हणाले, "सुई टोचली."

"रुमालाला कशी काय टोचते सुई? तुम्ही रुमाल शिवायला घेतलेत?"

"बोटाला टोचली, बोट रुमालाला पुसलं. चौकशी संपली का?"

शिंप्याकडे कारणांना काय तोटा! तंतू आहेत, पत्रा आहे, सुई आहे. पण पुढच्याच आठवड्यात आमच्या दोघींच्या देखत त्यांना उबळ आली आणि बेसिनमध्ये रक्त पडलं. त्या दिवशी सुईचं नाव निघालं नाही. ताईनं दुकानाचं दार ओढून घेतलं आणि आम्ही तिघं मोठ्या दवाखान्यात गेलो.

छातीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. शांत, बारीक हसणाऱ्या. भाऊजींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी कुजबुजले, "कोटाचा खांदा उतरलाय. कुणी शिवला असेल हा?" मी त्यांना कोपर मारलं.

बाईंनी एकेक विचारायला घेतलं. खोकला कधीपासून, आधीचा खोकला आणि आत्ताचा यात फरक वाटतो का, रक्त किती वेळा, जिना चढताना दम लागतो का. आवाज बसलाय का? चेहरा सुजतो का? डोकं दुखतं? हाडं? खांदा?

"खांदा लग्नाआधीपासून दुखतो," भाऊजी म्हणाले. "ती तक्रार मशीनकडे करा."

"भूक कशी आहे?"

"हिच्या हातचं खातो. भुकेची काय बिशाद आहे मरायची!"

खरं तर ताटात रोज अर्धं जेवण उरत होतं. ताई काही बोलणार तेवढ्यात बाईंनी पुढचा प्रश्न टाकला. "वजन कमी झालंय?"

"मुळीच नाही." भाऊजी उठून उभेच राहिले. "वजन धान्याचं करतात, बाई. माणसाचं माप घेतात. ही पँट बघा. पट्टा आहे? नाही. घसरते? नाही. दोन वर्षांची जुनी पँट आहे, आणि बघा कशी बसलीय."

बाईंनी खरंच नीट बघितलं. "फार सुंदर बसलीय. कुणी शिवली?"

"मीच."

"मग ती तुमच्याच बाजूनं बोलणार," बाई हसून म्हणाल्या. "घरचा साक्षीदार आहे तो." वजनकाट्यावरचा आकडा त्यांनी लिहून घेतला, पण आधीचा आकडा कुणाकडेच नव्हता. घटलं की वाढलं हे सांगणार कोण?

मग त्यांनी भाऊजींना दोन्ही हातांच्या सारख्याच बोटांची नखं पाठीला पाठ लावून धरायला सांगितली. आपण तसं धरलं तर नखांच्या मुळाशी मधोमध एक बारीकशी चौकट उरते, पलीकडचा उजेड दिसतो. भाऊजींच्या बोटांत ती फटच नव्हती. बाईंनी त्यांची बोटं दाबून बघितली आणि म्हणाल्या, "ही टोकं अशी फुगलेली कधीपासून? छातीत काही चाललं असलं की कधी कधी बोटं अशी होतात." मला ती तीन अंगुस्तानं आठवली आणि मी ती लगेच सांगितली. बाईंनी तेही लिहून घेतलं. भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गिऱ्हाइकाला त्यांच्या कपड्यातली खोट दाखवली.

त्यांना वॉर्डात ठेवून घेतलं. शेजारच्या खाटेवर एक ड्रायव्हरकाका होते. त्यांना टीबी निघाला होता, औषध लागू पडलं होतं आणि आता त्यांना गप्पांची भूक लागली होती. भाऊजींनी नखांची गोष्ट सांगितल्याबरोबर काकांनी आपली नखं जुळवली, मग त्यांच्या बायकोनं, मग समोरच्या रांगेतल्या सगळ्यांनी. सिस्टर औषधं घेऊन आल्या तर अख्खा वॉर्ड खिडकीकडे हात करून नखांतून उजेड बघत होता. सिस्टरांनी ट्रे खाली ठेवला आणि आपलीही नखं बघून घेतली.

एक्स-रेत उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला एक सावली होती. बाईंनी फिल्म उजेडावर धरून आम्हाला दाखवली. "हा जुना टीबी असेल, न्यूमोनियाचा डाग असेल किंवा गाठ असेल. नुसत्या सावलीवरून नाव सांगता येत नाही. थुंकीत टीबी निघालेला नाही. आता सीटी स्कॅन करू, म्हणजे सावली नेमकी कुठं आणि केवढी ते दिसेल. मग घशातून बारीक दुर्बीण आत सोडून तिथला एक तुकडा काढू. तो सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावरच खरं काय ते कळेल."

इतका वेळ भाऊजी फिल्मकडे कौतुकानं बघत होते. 'तुकडा' म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे कापणार?"

"चिमटीत धरताही येणार नाही एवढासा."

"बाई, मी जन्मभर कापड कापतोय. जिथं कात्री लागली तिथून ते उसवत जातं. न कापलेलं कापड वर्षानुवर्षं कपाटात राहतं, त्याला काही होत नाही. गाठीला हात लावला की ती पसरते, हे सगळ्यांना माहीत आहे."

"सगळे म्हणतात, पण तसं होत नाही," बाई म्हणाल्या. "तपासल्यामुळे पसरत नाही, मास्तर. न तपासता ठेवल्यानं पसरतं."

पण भाऊजींनी आपलंच घोडं पुढं दामटलं. टीबी नाही म्हणता, मग उत्तम. भूक आहे, वजन आहे, कपडे मापात आहेत. उरला खोकला, तो तंतूंचा. मी उद्या घरी चाललो. सही कुठं करायची ते दाखवा.

बाईंनी आम्हा दोघींना बाहेर बोलावलं. "मी त्यांना बांधून ठेवू शकत नाही. पण रक्त, बोटं आणि ही सावली, तिन्ही एकत्र आलीत, मला काळजी वाटते. जे काही असेल ते एका जागी असेपर्यंत काढून टाकता येतं. पसरलं की आमचे हात बांधले जातात. ते ज्याचं ऐकतील असं कुणी आहे का?"

ताईनं माझ्याकडे बघितलं आणि तिला रडू फुटलं. तिथंच बाकावर बसून, पदर तोंडाला लावून ती रडत होती आणि मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते. मला अशा वेळी रडू येत नाही, राग येतो. भाऊजींचा इतका राग मला कधीच आला नव्हता. माणसाला स्वतःचा जीव द्यायचा असेल तर देऊ दे, पण माझ्या बहिणीचं आयुष्य त्याच्याबरोबर फुकट घालवायचा त्याला काय अधिकार?

आणि भाऊजी? त्यांनी आतून मला हाक मारली आणि आपली पँट माझ्या हातात दिली. दोन दिवस खाटेखाली पडून ती चुरगळली होती. "इस्त्री करून आण. चुरगळलेल्या पँटीत मी घरी जाणार नाही."

मी त्यांच्या घरी गेले. इस्त्री तापवली आणि पँट उलटी केली, कारण इस्त्री आधी आतल्या बाजूनं करायची ही त्यांचीच शिकवण. कमरेच्या मागच्या शिवणीपाशी इस्त्री चढेना. आत कापडाची जाड घडी झाली होती. मी ती बोटांनी उलगडून उजेडात धरली. टिपांच्या ओळी होत्या, एकीशेजारी एक. सर्वांत बाहेरची पहिली, मूळची. मग तिच्या आत एक, तिच्याही आत आणखी एक, असं करत करत ती पँट आवळत आणली होती. टाके सगळे त्यांचे. भाऊजींची टीप मी झोपेतही ओळखीन.

मी त्यांचं कपाट उघडलं. एकूण एक पँट तशीच. शर्टांच्या बाजू तशाच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. दुकानात आम्ही तिघं, दोन मशिनं आणि एक आरसा, आणि हा माणूस आमच्या डोळ्यांदेखत वाळत गेला तरी कुणाला पत्ता लागला नाही. लागणार कसा? ते बारीक झाले की कपडेही बारीक होत होते.

मी इस्त्री बंद केली. पँट आणि छोटी कात्री पिशवीत घातली आणि उलट पावली दवाखान्यात आले.

भाऊजी खाटेवर बसून ड्रायव्हरकाकांना दवाखान्याच्या झग्याची शिवण किती वाईट आहे ते समजावत होते. मी त्यांच्या पायथ्याशी बसले, पँट मांडीवर घेतली आणि उसवायला लागले.

"अगं, काय करतेस! वेड लागलं का? नीट शिवलेली पँट उसवतेस?"

 आतली ओळ उसवली, तिच्या पुढची उसवली, मूळच्या टिपेपर्यंत सगळ्या उसवल्या. धागे खाटेवर पडत होते.  ताई पायथ्याशी येऊन उभी राहिली होती.

"घाला," मी म्हटलं.

"आत्ता? इथं?"

"झगा गुडघ्यापर्यंत आहे. लाज जायची नाही. घाला."

त्यांनी घातली. कमरेपाशी मुठीत धरून उभे राहिले.

"हात सोडा."

त्यांनी हात सोडला आणि पँट सरळ खाली घोट्यापाशी जाऊन पडली. वॉर्डात हशा पिकला. काका तर खोकेपर्यंत हसले. भाऊजीही हसले, मग खाली बघितलं आणि त्यांचं हसू मावळलं. वाकून त्यांनी पँट उचलली, दोन्ही हातांत कंबर ताणून धरली आणि अनोळखी गिऱ्हाइकाचं माप बघावं तसे बघत राहिले.

"ही माझी?"

"कापड तुम्ही आणलेलं, बेतलेली तुम्ही, आवळलेलीही तुम्हीच."

"सैल लागायची गं," ते हळू आवाजात म्हणाले. "सैल लागली की दाबायची, हाताला सवयच आहे. मला वाटलं, कापड ताणलं असेल."

"सगळ्या पँटी एकदम ताणल्या? आणि शर्ट? त्यांनी पण संप केला?"

ते खाटेवर बसले. बराच वेळ पँटची कड चिमटीत घेऊन चोळत राहिले. "लोकांची मापं घेण्यात जन्म गेला," ते म्हणाले, "आणि मी कापडाला दोष देत बसलो." मग त्यांनी ताईकडे बघितलं. "मला भीती वाटते. कापायची नाही. आत काय निघेल त्याची."

"मलाही वाटते," ताई म्हणाली आणि त्यांच्याजवळ बसली. "दोघं मिळून भिऊ. पण घरी बसून नको."

भाऊजींनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळले. "बोलव तुझ्या त्या बाईंना. आणि ती पँट त्यांना दाखव. साक्षीदार फितूर झालाय म्हणावं."

डॉक्टरीणबाईंनी पँट हातात घेऊन शेवटच्या आणि पहिल्या टिपेमधलं अंतर बघितलं. ही आवळायला कधीपासून सुरुवात केली ते विचारून घेतलं आणि कागदावर एक ओळ खोडून दुसरी लिहिली. हसल्या नाहीत. भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बरं झालं थांबलात."

मग तपासण्या झाल्या. स्कॅनच्या मशीनमधून बाहेर आल्यावर भाऊजींनी सांगितलं, की इतक्या मोठ्या यंत्राला टीप मारता येत नाही म्हणजे जागा फुकट गेली. दुर्बिणीच्या आधी घसा बधिर केला तेव्हा त्यांना बोलता येईना. ताई म्हणाली, लग्नानंतरची पहिली शांत सकाळ. तुकडा निघाला, तपासायला गेला. "आपणही कापडाचा नमुना बघितल्याशिवाय ताग्याला हात लावत नाही," असं भाऊजी आता काकांना ऐकवत होते, जणू ही कल्पना मूळची त्यांचीच.

निकाल आला. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "कॅन्सर आहे." ताईनं माझा हात घट्ट धरला. "पण बाकी अंगभर तपासलं, दुसरीकडे कुठंही काही दिसलं नाही. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात, त्यातल्या वरच्याच भागात आहे. श्वासाची ताकद चांगली आहे. ऑपरेशन करून तो भाग काढता येईल."

 भाऊजींनी विचारलं, "काढल्यावर शिवणार कोण? मला त्यांचा हात बघायचाय."

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दोघी बाकावर बसलो होतो आणि मला काहीतरी हातात हवं होतं म्हणून मी एका शर्टाची काजं सोबत नेली होती. सगळी वाकडी झाली. सर्जन बाहेर येऊन "व्यवस्थित झालं" म्हणाले तेव्हा आमच्या जिवात जीव आला. त्या दिवशी मीसुद्धा रडले, हे भाऊजींना आजही माहीत नाही. शुद्धीवर आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी आरसा मागवला, मान वळवून बरगडीवरची शिवण तपासली आणि सर्जनना सांगितलं, "टाके एकसारखे आहेत. शेवटची गाठ जरा घाईत मारलीत."

"पुढच्या वेळी लक्षात ठेवतो," सर्जन म्हणाले.

"पुढची वेळ नको," ताई म्हणाली.

नंतर सलाईनमधून औषधाचे काही फेरे झाले. ते दिवस वाईट होते, उगाच गोड करून सांगत नाही. अन्नाचा वास नको व्हायचा, केस गेले, चार पावलं चालून मास्तर भिंतीला टेकायचे. पण त्या दिवसांत त्यांनी एक गोष्ट केली, ती आमच्या अख्ख्या रस्त्याला बघायला मिळाली. मी उसवलेली ती पँट त्यांनी पुन्हा शिवलीच नाही. मूळच्या मापाची, ढगळ, तशीच घालायचे. आणि कमरेला पट्टा!

पहिल्या दिवशी ते तसे दुकानात आले तेव्हा कापायच्या टेबलाशी उभं असलेलं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकलं. "मास्तर, पट्टा?"

"हो, पट्टा," भाऊजी म्हणाले. "ही पँट जोवर खरं बोलतेय तोवर मी तिचं तोंड शिवणार नाही."

मी त्यांना चिडवायची संधी सोडली नाही. गालावरची चपराक कशी काय आहे, दुखते का, असं रोज विचारायची. ते रोज पट्ट्याची भोकं मोजल्यासारखं करायचे. ताई खिडकीतून बघायची आणि ताटात घास वाढवायची. तपासण्या चालू राहिल्या. बाई म्हणाल्या, काही वर्षं नेमानं यावं लागेल, आज सगळं स्वच्छ दिसतंय म्हणून गाफील राहायचं नाही. दर खेपेला त्या आधी वजन करत आणि मग विचारत, "आणि पँट काय म्हणते?" भाऊजींनी त्यांच्या कोटाचा उतरलेला खांदा एका भेटीत उसवून नीट करून दिला, त्याशिवाय त्यांना झोप लागली नसती.

मग गेल्या आठवड्यातली सकाळ. मी खिडकीशी काज करत होते, टेबलापाशी एक गृहस्थ कोटाचं माप द्यायला उभे होते. भाऊजी तीच उसवलेली पँट घालून मागच्या दारानं आत आले, आरशासमोर थांबले आणि कमरेचा पट्टा काढून माझ्या मांडीवर टाकला. मग दोन्ही हात डोक्याच्या वर केले.

पँट जागची हलली नाही.

मी सुई खाली ठेवली. ताई खिडकीतून बघत होती, तिच्या हातातला चमचा तसाच वर राहिला होता. भाऊजी आरशात स्वतःकडे बघत होते, नाकाचा शेंडा लाल झाला होता आणि ते मोठमोठ्यानं श्वास घेत होते, खोकला न येता.

"हात खाली करा की," ताई आतून म्हणाली.  "गिऱ्हाईक बघतंय."

"बघू दे," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी हात काही खाली केले नाहीत.